स्वतःचा लिनक्स कर्नल बांधताना: लॅपटॉप, व्हर्च्युअल मशीन आणि आर्म बोर्ड

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो कंपाइल करायला, म्हणजे सोर्स कोडपासून बांधायला, बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा मेन्यूकॉन्फिगच्या (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूच्या) यादीतच हरवतो. पर्याय हजारोंनी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा आपल्या मशीनशी काडीचा संबंध नसतो. त्यामुळे ती यादी वरून खाली वाचत बसू नका. एकच प्रश्न हाताशी धरा: रूट पार्टिशन (ज्यावर सगळी सिस्टीम असते ते) उघडेपर्यंत या मशीनच्या कर्नलला काय काय लागणार आहे? डिस्कचा कंट्रोलर, त्यावरची फाइलसिस्टीम आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचं कुलूप उघडणारा भाग. एवढं जागेवर असलं की मशीन सुरू होतं. आवाज, वायफाय, ब्लूटूथ राहून गेलं तरी ते सुरू झालेल्या मशीनवर बसून दुरुस्त करता येतं.

खालच्या पायऱ्या डेबियन आणि उबंटू धरून लिहिल्या आहेत. फेडोरा किंवा आर्चवर पॅकेजांची नावं आणि इन्स्टॉल करायची पद्धत बदलते, कर्नलच्या आतलं सगळं तेच राहतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे.

आधी परतीची वाट

आत्ता चालू असलेला कर्नल काढायचा नाही. नवा त्याच्या शेजारी बसतो आणि बूट होताना ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूतून हवा तो निवडता येतो. पण बऱ्याच मशीनवर हा मेन्यू लपवलेला असतो. म्हणून कंपाइलला हात लावायच्या आधी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा, ग्रब_टाइमआउट_स्टाइल समोर मेन्यू आणि ग्रब_टाइमआउट समोर १० लिहा (ही दोन्ही नावं कॅपिटलमध्ये), मग

सुडो अपडेट-ग्रब

चालवा. मशीन रीस्टार्ट करून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल दिसतोय आणि त्यावरून मशीन खरंच सुरू होतंय, हे डोळ्यांनी पाहून घ्या. ही पाच मिनिटं टाळू नका. अडकलेल्या मशीनसमोर बसून हा मेन्यू शोधण्याची वेळ फार वाईट असते.

सिक्युअर बूट चालू आहे का, तेही आत्ताच बघा: मोकयूटिल --एसबी-स्टेट. चालू असेल तर सही नसलेला कर्नल ग्रब उघडणारच नाही, 'बॅड शिम सिग्नेचर' असा संदेश देऊन थांबेल. पहिल्या प्रयत्नापुरतं ते फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. कर्नल नीट चालतोय याची खात्री पटली की स्वतःची किल्ली तयार करून ती मोकयूटिल --इम्पोर्टने नोंदवा आणि एसबीसाइनने कर्नलवर सही करा. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकायला घेतल्या की चूक कुठे झाली तेच कळत नाही.

सामान आणि जागा

एप्ट इन्स्टॉलने ही पॅकेजं आणा: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबईएलएफ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ह्ज, सीपीआयओ, आरसिंक, डेबहेल्पर. फ्लेक्स आणि बायसन नसतील तर कॉन्फिगचा मेन्यूसुद्धा उघडत नाही. ड्वार्व्ह्जमध्ये पाहोल नावाचं साधन येतं. ते नसलं तर बीटीएफचा (कर्नलमधल्या डेटाच्या रचनेची माहिती साठवण्याचा) पर्याय नीट बांधला जात नाही.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या. नवख्याने 'लाँगटर्म' लिहिलेली मालिका घ्यावी, उदाहरणार्थ ६.१२, तिला वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळत राहतात. टार-एक्सझेड फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते, उलगडली की दीड जीबीच्या घरात जाते. सोबतची सही तपासायची असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा: सही आतल्या टार फाइलवर केलेली असते, एक्सझेडवर नाही. आधी अनएक्सझेड करा, मग जीपीजी --व्हेरिफाय. उलट केलंत तर चांगली फाइलही खोटी ठरते.

जागेचा हिशेब कॉन्फिगवर, म्हणजे निवडलेल्या पर्यायांच्या यादीवर, ठरतो. डिस्ट्रोचं (डेबियन, उबंटूसारख्या वितरणाचं) पूर्ण कॉन्फिग डीबग माहितीसकट बांधायला घेतलं तर २० जीबीसुद्धा कमी पडू शकतात. छाटलेलं, डीबग माहितीविना असेल तर काही जीबींत काम होतं. फोल्डर आपल्या होममध्येच ठेवा. वाटेतल्या कुठल्याही फोल्डरच्या नावात स्पेस किंवा कोलन नको, मेक (कंपाइल चालवणारं साधन) तिथेच थांबतं. विंडोजच्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर तर बिलकूल उलगडू नका. नेटफिल्टरच्या कोडमध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने वेगळ्या असलेल्या फाइली आहेत. तो फरक न पाळणाऱ्या फाइलसिस्टीमवर एक फाइल दुसरीवर चढते आणि पुढे येणाऱ्या चुकांचा अर्थ लागत नाही.

मशीनमध्ये काय आहे ते आधी लिहून काढा

दोन कमांड पुरतात. पहिली:

एलएसपीसीआय -एनएनके

प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. तिथे एनव्हीएमई, एएचसीआय, आय९१५, एएमडीजीपीयू, आयडब्ल्यूएलवायफाय, आर८१६९ अशी नावं दिसतील. ही नावं म्हणजेच तुमची यादी. दुसरी:

एलएसबीएलके -एफ

ही डिस्कचा वंशवृक्ष दाखवते. समजा तिथे एनव्हीएमई०एन१ या डिस्कचं तिसरं पार्टिशन आहे, त्याच्या प्रकारात क्रिप्टो_लक्स लिहिलंय, त्याखाली एलव्हीएम२_मेंबर आणि सगळ्यात आत ईएक्सटी४, ज्याच्यासमोर फक्त तिरपी रेघ म्हणजे रूट आहे. याचा अर्थ या मशीनला रूटपर्यंत पोचायला चार गोष्टी लागतात: एनव्हीएमईचा ड्रायव्हर, डीएम-क्रिप्ट (एन्क्रिप्शन उघडणारा भाग), डिव्हाइस मॅपर (एलव्हीएम ज्यावर चालतं तो भाग) आणि ईएक्सटी४. चारांपैकी एक जरी सुटली तर साखळी तिथेच तुटते. जुन्या साटा डिस्कवर, एन्क्रिप्शनविना, हीच यादी एएचसीआय, एससीएसआय डिस्क आणि ईएक्सटी४ एवढीच होते. आपली यादी कागदावर लिहा, पुढे दोनदा लागेल.

कॉन्फिग: शून्यापासून नको

सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन चालू कर्नलचं कॉन्फिग उचला. ते /बूटमध्ये 'कॉन्फिग-' आणि पुढे आवृत्ती अशा नावाने असतं, ते .कॉन्फिग या नावाने इथे कॉपी करा. मग:

मेक ओल्डडेफकॉन्फिग
मेक लोकलमॉडकॉन्फिग

पहिल्या कमांडने नव्या आवृत्तीत आलेल्या पर्यायांना ठरलेली उत्तरं मिळतात. दुसरी या क्षणी लोड असलेली मॉड्यूल (गरजेप्रमाणे वेगळे लोड होणारे कर्नलचे भाग) बघते आणि बाकीची मॉड्यूल बंद करते. कंपाइलचा वेळ तासांवरून मिनिटांवर येतो तो इथेच. मध्ये काही विचारलं तर एंटर दाबत चला.

पण 'या क्षणी' या शब्दांकडे नीट लक्ष द्या. जे आत्ता जोडलेलं नाही, ते तिला दिसतच नाही. म्हणून चालवण्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरचा मॉनिटर, वेबकॅम, हेडसेट सगळं जोडा, व्हीपीएन सुरू करा, एखादी एक्सफॅट कार्ड माउंट करा. तरीही हमखास सुटणाऱ्या गोष्टी असतात: यूएसबी-स्टोरेज, फ्यूज, ट्यून, वायरगार्ड. कंटेनर चालवणाऱ्यांना ओव्हरले, व्हीईटीएच, ब्रिज आणि नेटफिल्टरचे नॅटचे भाग लागतात. स्नॅप वापरणाऱ्यांना लूप आणि स्क्वॅशएफएस. आणि व्हीफॅटसोबत एनएलएस कोडपेज ४३७ व आयएसओ ८८५९-१. ही शेवटची जोडी क्षुल्लक वाटते, पण ती नसली की ईएफआयचं पार्टिशन माउंट होत नाही आणि मशीन अर्ध्यावर आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन बसतं.

दुसऱ्या मशीनसाठी बांधत असाल तर आधी त्या मशीनवर एलएसमॉडचं आउटपुट एका फाइलीत साठवा, ती इकडे आणा आणि कॅपिटल अक्षरांत एलएसएमओडी= लिहून पुढे फाइलीचा मार्ग देत लोकलमॉडकॉन्फिग चालवा. मूळ कॉन्फिगही त्याच मशीनचं घ्या.

डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी लगेच बदलाव्या लागतात. सोर्ससोबत येणारी स्क्रिप्ट्स/कॉन्फिग ही छोटी स्क्रिप्ट त्यासाठीच आहे. पर्यायांची नावं कॅपिटलमध्ये द्या.

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टम_रिव्होकेशन_कीज ""
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल डीबग_इन्फो_ड्वार्फ५ --डिसेबल डीबग_इन्फो_ड्वार्फ_टूलचेन_डिफॉल्ट --एनेबल डीबग_इन्फो_नन
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर लोकलव्हर्जन "-टेस्ट१"

पहिल्या दोन ओळी डिस्ट्रोच्या प्रमाणपत्रांचा उल्लेख काढतात. त्या पेम फाइली डिस्ट्रो बांधणाऱ्यांकडे असतात, तुमच्याकडे नाहीत. म्हणून 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणत कंपाइल सुरुवातीलाच अडतं. नवख्यांना सर्वाधिक छळणारी चूक हीच. डीबग_इन्फो_ननने जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. लोकलव्हर्जनची शेपटी, म्हणजे आवृत्तीच्या पुढे लागणारं नाव, कधी विसरू नका. तीच आवृत्ती, तीच शेपटी घेऊन दुसऱ्यांदा बांधलंत, तर आधीच्या चालत्या कर्नलची मॉड्यूल नव्याने पुसली जातात आणि परत जायला जागा उरत नाही.

आता मेक मेन्यूकॉन्फिग उघडा. तिरपी रेघ दाबली की शोध येतो. नाव टाकलं की पर्याय कुठे आहे आणि तो कशावर अवलंबून आहे ते दिसतं, शेजारचा आकडा दाबला की थेट तिथे पोचता. वाय म्हणजे कर्नलच्या पोटातच, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल, एन म्हणजे नाही. कागदावरची रूटपर्यंतची यादी इथे एकेक करून तपासा.

पोटात घ्यायचं की मॉड्यूल ठेवायचं? रूटपर्यंतच्या साखळीतल्या गोष्टी पोटात घेतल्या तर धोका कमी. बाकी सगळं मॉड्यूलच ठेवा, विशेषतः ग्राफिक्स आणि वायफाय. सगळंच पोटात घेतलं की कर्नल जास्त चांगला होतो असं अनेकांना वाटतं, पण एएमडीजीपीयू किंवा आयडब्ल्यूएलवायफायला डिस्कवरून फर्मवेअरची फाइल वाचायची असते. ड्रायव्हर पोटात असला तर तो रूट माउंट होण्याआधीच जागा होतो, फाइल मागतो, ती मिळत नाही आणि स्क्रीन काळी राहते किंवा वायफाय गायब होतं. तोच ड्रायव्हर मॉड्यूल ठेवला की काही न करता चालतो.

.कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हाताने बदलायचा मोह टाळा. तुम्ही लिहिलेल्या पर्यायाची पूर्वअट पुरी नसेल तर पुढचं मेक तो गुपचूप काढून टाकतं. स्क्रिप्टने बदललं तरी नंतर मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि ग्रेपने आपला पर्याय टिकलाय का बघा.

कंपाइल

मेक -जे$(एनप्रॉक) बिनडेब-पीकेजी

यातून डेब पॅकेजं एक फोल्डर वर तयार होतात. मेक इन्स्टॉलपेक्षा हा मार्ग बरा, कारण पुढे काढून टाकताना डीपीकेजीला सगळ्या फाइली ठाऊक असतात. आठ कोरच्या मशीनवर छाटलेला कर्नल दहा-पंधरा मिनिटांत होतो. दोन कोरच्या जुन्या लॅपटॉपवर तासभर धरा.

मध्येच 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१' आलं तर कोडमध्ये दोष नाही, मेमरी संपली आहे. एका जॉबमागे (एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामामागे) साधारण एक जीबी रॅम धरून -जे पुढचा आकडा कमी करा. दुसरी कुठलीही चूक आली तर शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. अनेक जॉब एकदम चालत असल्याने खरी चूक कितीतरी वर निघून गेलेली असते. मेक -जे१ असं पुन्हा चालवा, मग ती शेवटीच येऊन थांबते.

इन्स्टॉल करताना लिनक्स-इमेज आणि लिनक्स-हेडर्स दोन्ही पॅकेजं बसवा. डीकेएमएसवर (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या सोयीवर) चालणारे बाहेरचे ड्रायव्हर, एनव्हिडियाचा मालकीचा ड्रायव्हर हे त्यातलं ठळक उदाहरण, हेडर्सशिवाय बांधले जात नाहीत. डेबियन-उबंटूवर इनिटरामएफएस (रूट उघडेपर्यंत लागणाऱ्या गोष्टींची छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम) आणि ग्रबची नोंद आपोआप होते. /बूटमध्ये इनिटआरडी आणि व्हीएमलिनझ, दोन्ही तुमच्या शेपटीसह दिसतायत ना, एवढं पाहा. वेगळं /बूट पार्टिशन असेल तर डीएफ -एच /बूटने जागा आधी मोजा. अर्धवट लिहिलेला इनिटरामएफएस म्हणजे न उघडणारं मशीन. डीबग माहिती ठेवून मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉलने बसवणाऱ्यांचा इनिटरामएफएस शेकडो एमबींचा होतो; त्यांनी कॅपिटलमध्ये इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ जोडावं.

पहिलं बूट

समोरच्या मशीनवर सरळ मेन्यूतून नवा कर्नल निवडा. दूरच्या, कीबोर्ड नसलेल्या मशीनवर मात्र युक्ती वापरा: ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड (डावीकडचं नाव कॅपिटलमध्ये) ठेवा, जुना कर्नल ठरलेला करा, नव्या कर्नलच्या बूट ओळीत पॅनिक=१० घाला आणि ग्रब-रीबूटने नवा कर्नल फक्त पुढच्या एका वेळेसाठी निवडा. तो कोसळलाच तर १० सेकंदांनी मशीन स्वतः रीस्टार्ट होतं आणि जुन्यावर परत येतं. पॅनिक न होता नुसतंच गोठलं, तर मात्र याचा उपयोग नाही.

पॅनिक, म्हणजे कर्नल कोसळल्याचा संदेश, आलाच तर त्याची ओळ नीट वाचा. 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' आणि कंसात दोन आकडे. आकडे ०,० असतील तर कर्नलला रूटची डिस्क सापडलीच नाही. आधी इनिटरामएफएस आहे का बघा, कारण यूयूआयडीवरून (फाइलसिस्टीमच्या ओळख क्रमांकावरून) रूट शोधणं त्याचं काम आहे. मग कंट्रोलरचा ड्रायव्हर. ८,१ सारखे खरे आकडे असतील तर डिस्क सापडली आहे, बहुधा फाइलसिस्टीम राहिली आहे. या ओळीच्या थोडं वर सापडलेल्या पार्टिशनांची यादी छापलेली असते. ती रिकामी असेल तर कंट्रोलरकडे वळा. पॅनिक न येता 'इनिटरामएफएस' असा प्रॉम्प्ट आला, तर तिथे कॅट /प्रॉक/पार्टिशन्स करून तोच प्रश्न विचारा.

स्क्रीन नुसती काळी राहिली तर ग्रबमध्ये ई दाबून क्वाएट आणि स्प्लॅश काढा, नोमोडसेट घाला. निदान मजकूर तरी दिसेल. मशीन सुरू झालं की युनेम -आरने शेपटी तपासा आणि डीमेसेज --लेव्हल=ईआरआरने चुका; 'फेल्ड टू लोड फर्मवेअर' असेल तर फर्मवेअरचं पॅकेज राहिलंय. स्लीपमध्ये घालून उठवून पाहायला विसरू नका.

व्हर्च्युअल मशीन: सरावाची जागा

खऱ्या मशीनला हात लावायची धास्ती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. वेगळ्या फोल्डरात:

मेक डेफकॉन्फिग
मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग
मेक -जे$(एनप्रॉक)

दुसरी ओळ व्हर्टआयओचे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीचे, डिस्क आणि नेटवर्क ड्रायव्हर पोटात घेते. ईएक्सटी४ डेफकॉन्फिगमध्ये आधीच पोटात असतं. म्हणजे रूटची साखळी पूर्ण, इनिटरामएफएसची गरजच नाही; रूट= पुढे थेट /डेव्ह/व्हीडीए१ देता येतं किंवा पार्टयूयूआयडी (कॅपिटलमध्ये). हा कर्नल क्यूएमूला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला) -कर्नल या पर्यायाने एआरसीएच/एक्स८६/बूट/बीझेडइमेज (यात इमेजचं पहिलं अक्षर कॅपिटल) ही फाइल देऊन, मुद्दाम डिस्क न जोडता, कन्सोल=टीटीवायएस० (यातला एस कॅपिटल) आणि -नोग्राफिकसह चालवून बघा. वर सांगितलेला ०,० चा पॅनिक समोर येईल. तो असा सुरक्षित जागी एकदा पाहिला की खऱ्या मशीनवर आल्यावर हातपाय गळत नाहीत. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स.

आर्म बोर्ड

पीसीवर पीसीआय आणि एसीपीआय स्वतःच सांगतात की कुठे काय बसवलंय. रास्पबेरी पायसारख्या छोट्या आर्म बोर्डांवर तसं सांगणारं बहुतेक कोणी नसतं. ती माहिती डिव्हाइस ट्रीच्या डीटीबी फाइलीतून कर्नलला द्यावी लागते. कॉन्फिग अचूक असूनही डीटीबी दुसऱ्या बोर्डाची असेल तर स्क्रीनवर काहीच येत नाही. इथे कर्नल, डीटीबी आणि मॉड्यूल हे त्रिकूट एकाच बिल्डमधलं हवं.

बोर्डावरच कंपाइल केलं तर वेळ फार जातो, म्हणून पीसीवर क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कंपाइल) करा. पॅकेज जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू. प्रत्येक मेकसोबत कॅपिटल अक्षरांत दोन चल द्यायचे: एआरसीएच=आर्म६४ आणि क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-. शेवटचा डॅश नावाचाच भाग आहे. तो गळला की कंपायलर सापडत नाही. एआरसीएच एखाद्या वेळी द्यायचं विसरलात तर मेक तेच .कॉन्फिग पीसीसाठी समजून उलटंपालटं करतं, म्हणून दोन्ही एक्स्पोर्ट करून ठेवा.

रास्पबेरी पायसाठी त्यांच्याच शाखेचा सोर्स घ्या. पाय ४ ला बीसीएम२७११_डेफकॉन्फिग, पाय ५ ला बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग. मग:

मेक -जे$(एनप्रॉक) इमेज मॉड्यूल्स डीटीबीज

यात इमेजचं पहिलं अक्षर कॅपिटल. मॉड्यूल कार्डाच्या रूट पार्टिशनवर बसवताना इन्स्टॉल_मॉड_पाथ (कॅपिटलमध्ये) न चुकता द्या, नाहीतर ती तुमच्या पीसीच्याच /लिबमध्ये जाऊन बसतात. इमेज बूट पार्टिशनवर नव्या नावाने कॉपी करा, जुनी तशीच ठेवा आणि कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये कर्नल= पुढे नवं नाव लिहा. डीटीबी आणि ओव्हरलेजचं फोल्डर बदलण्याआधी त्यांचीही प्रत काढा. ग्रबचा मेन्यू इथे नाही. परतीची वाट म्हणजे कार्ड पीसीत घालून ती एक ओळ काढणं आणि जुन्या डीटीबी जागेवर ठेवणं. पाय ५ चं डेफकॉन्फिग १६ केबी पानं वापरतं. ४ केबी गृहीत धरणारा एखादा प्रोग्राम त्यावर अडतो, तेव्हा बीसीएम२७११चं कॉन्फिग वापरून बघा.

पडद्यावर काही येत नसेल तर अंदाज बांधण्यापेक्षा ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल जोडा. ५ व्होल्टची जोडली तर पिन जळतात.

पुढची देखभाल

स्वतः बांधलेल्या कर्नलला एप्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. तुमच्या मालिकेची नवी उप-आवृत्ती आली की नवा सोर्स उलगडायचा, जुनं .कॉन्फिग त्यात ठेवायचं, मेक ओल्डडेफकॉन्फिग, मग कंपाइल. हे जमणार नसेल तर इंटरनेटला उघड्या असलेल्या मशीनवर डिस्ट्रोचाच कर्नल ठेवा. जुने प्रयोग डीपीकेजी -एल मध्ये शेपटीवरून ओळखून एप्ट पर्जने काढा, /बूटमधली जागा मोकळी होते. डिस्ट्रोचा एक कर्नल मात्र कायम राहू द्या.